कंटाळा विचारणाऱ्या बाई

"कंटाळा कशाचा येतो, ते सांग."

नववीत आलेल्या प्रत्येक मुलाला बाई एवढं एकच विचारायच्या. जून महिन्यात, चित्रकलेच्या वर्गात, टेबलामागच्या खुर्चीत बसून. उजव्या पायातली चप्पल काढलेली, तो पाय डाव्या पावलावर ठेवलेला आणि हनुवटी तळहातावर टेकलेली. पोराचं उत्तर येण्याआधी बाईंचाच डोळा लागेल की काय, असं बघणाऱ्याला वाटायचं. पण डोळा लागायचा नाही. उत्तर आलं की त्या मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "हं. आता खरा सांग."

"आवड सगळे खोटी सांगतात," असं त्यांचं म्हणणं. "आईने पढवलेली असते, नाहीतर शेजारच्या बाकावरून उचललेली. कंटाळा मात्र ज्याचा त्याचा असतो हो, सर."

आमची शाळा अंधेरीला, चार बंगल्याच्या अलीकडे. मराठी माध्यमाची. अर्धी मुलं हाउसिंग बोर्डाच्या चाळींतली, काही सात बंगल्याकडची बऱ्या घरची आणि बरीचशी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. बाई इतिहास शिकवायच्या, मी गणित. त्या दिवसांत नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाला तीन उपक्रम घ्यावे लागायचे. एक हाताचा, म्हणजे चित्र, मातीकाम, शिवण, पेटी असं काहीतरी. एक अंगाचा, म्हणजे लेझीम, खो-खो, मल्लखांब. आणि एक सेवेचा, म्हणजे दवाखान्यात पाणी दे, झाडं लाव, वाचनालयातली फाटकी पुस्तकं चिकटव. बहुतेक शाळांत वर्गशिक्षक हजेरीच्या क्रमाने वाटणी करून मोकळे व्हायचे. आमच्याकडे ते काम बाईंचं. त्या एकेका मुलाला समोर बसवून, कंटाळा विचारून, मग त्याचे तीन उपक्रम ठरवायच्या. त्यामुळे जुलै उजाडला तरी आमच्या उपक्रमांना सुरुवात झालेली नसायची आणि मुख्याध्यापक व्हरांड्यात येरझारा घालत असायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काम सोपं करायचा रस्ता समोर दिसत असतो, आणि ती आडवाटेने जातात, वर दमलो म्हणून सांगतात. बाई कायम दमलेल्या असायच्या. शिक्षकांच्या खोलीत शिरताना त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, "माझ्यान आता होवचा नाय हां." त्या मालवणकडच्या. वडील गिरणीत, नवराही गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. शाळेत त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या; दमल्या किंवा लाडात आल्या, की मालवणी बाहेर यायची.

एकदा एका पोराने धीर करून सांगितलं, "बाई, तुमच्या तासाचा कंटाळा येतो." बाईंनी हनुवटीखालचा हात काढलासुद्धा नाही. "माकाही येता रे मेल्या," त्या म्हणाल्या. "दुसरा सांग."

सात बंगल्याच्या एका डॉक्टरांचा मुलगा पेटी उत्तम वाजवायचा. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात त्यालाच बसवायचे. बाईंनी विचारल्यावर तो आधी कोणी ऐकत नाही ना हे बघून म्हणाला, "पेटीचा." बाईंनी त्याला मातीकाम दिलं, लेझीम दिली आणि सेवा म्हणून शाळेमागचं तुंबलेलं गटार दिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाडी घेऊन आले. सात वर्षं शिकवणी लावलीय, चांगले गुरू शोधलेत, वगैरे बरंच बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला आवडते पेटी?"

"म्हणजे काय, जीव की प्राण."

"मग शुक्रवारी तुम्ही या. एक जागा रिकामी झालीय."

डॉक्टर काही आले नाहीत. मुलगा मात्र वर्षभर फावडं घेऊन गटारात उभा असायचा, आणि लेझमीत हमखास चुकायचा. पुढे त्याचं काय झालं मला ठाऊक नाही. सुखी असावा, असं मी धरून चालतो.

जयवंती नववीत आली ते वर्ष गिरण्यांच्या संपानंतरचं दुसरं की तिसरं. कोळीवाड्यातली, काळीसावळी, अंगाने दणकट. आवाज असा, की प्रार्थनेला तिने प्रतिज्ञा म्हटली तर रस्त्यापलीकडच्या वाण्यालाही पाठ व्हावी. मुख्याध्यापकांनी तिला आंतरशालेय नाट्यस्पर्धेसाठी मनातल्या मनात केव्हाच घेऊन टाकलं होतं. आमच्या शाळेला त्या स्पर्धेत कधी उत्तेजनार्थही मिळालेलं नव्हतं.

जयवंती बाईंपुढे बसली, तेव्हा कसल्याशा सहीसाठी मी तिथेच उभा होतो.

"कंटाळा कशाचा येतो?"

"माणसांचा, बाई."

बाईंनी हनुवटीखालचा हात काढला. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

मग पोरीने सांगितलं. शाळा सुटली की ती चार बंगल्याच्या बाजारात आईच्या मासळीच्या पाटीवर बसते. आई त्या वेळात बिल्डिंगींतून मासळीचा रतीब घालायला जाते. गिऱ्हाईक बोलवायचं, त्याच्याशी भावावरून भांडायचं, गेलं तर पुन्हा हाक मारून आणायचं. घरी गेल्यावर बारा माणसं. रात्री झोपते तीही दोन बहिणींच्या मध्ये. "मना कोनी बोलवू नये, आनि मी कोनाला बोलवू नये, असं तासभर पायजे," ती म्हणाली.

बाईंनी तिला हाताचं काम म्हणून पुस्तकबांधणी दिली आणि सेवा म्हणून वाचनालयातली फाटकी पुस्तकं. दोन्ही एकाच खोलीत, एकटीने. अंगाचा उपक्रम म्हणून मैदानाला फेऱ्या; त्याही एकटीने. मुख्याध्यापक लालबुंद झाले. असा आवाज वाचनालयात कोंडून ठेवणार का, असं त्यांनी विचारलं. "तो आवाज ती रोज विकते, सर," बाई म्हणाल्या. "इथे तरी तिला गप्प बसू द्या."

उपक्रम सुरू झाले आणि जयवंती आलीच नाही. पहिल्या बुधवारी नाही, शुक्रवारी नाही, पुढच्या बुधवारीही नाही. आमचे उपक्रम त्या दोनच दिवशी असायचे, साडेचारला शाळा सुटल्यावर तासभर. बाईंनी तिला मधल्या सुट्टीत गाठलं. मागून घेतलंस आणि येत नाहीस, हे काय?

पोरगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "बुधवारी-शुक्रवारी कशी येनार, बाई? खायचे वार हायेत ना."

बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. सोमवार, गुरुवार, शनिवार अर्धी अंधेरी मासळी खात नाही. बुधवार-शुक्रवारी बाजार फुललेला असतो, आणि कोळीवाड्यातलं प्रत्येक हाताशी आलेलं पोर त्या संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या पाटीवर बसलेलं असतं. शाळेने उपक्रमांना नेमके तेच वार दिले होते. कितीतरी वर्षं कोळीवाड्यातली मुलं गैरहजर राहत होती, आणि कितीतरी वर्षं आम्ही सगळे म्हणत होतो, की त्या मुलांना असल्या गोष्टींची गोडी नाही. श्रेणी द्यायची वेळ आली की त्यांना सरसकट 'क' मिळायचा.

"मी मालवणची, सर," बाई मला म्हणाल्या. "घरात बुधवारी मासे नसले तर मी स्वतः भांडते. आणि माझ्या टाळक्यात हे आलं नाही." त्या दिवशी त्यांनी उरलेले दोन्ही तास मुलांना धडा मनात वाचायला लावला.

वार बदलून मागायला त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. सोमवार-गुरुवार करा. मुख्याध्यापक म्हणाले, त्या दोन दिवशी संध्याकाळी मैदान बाहेरच्या क्लबाला दिलेलं आहे, आणि चार-दोन मुलांसाठी अख्ख्या शाळेचं वेळापत्रक हलवता येत नाही. दुष्ट माणूस नव्हता तो. वेळापत्रक नावाच्या गोष्टीवर त्याची श्रद्धा होती, इतकंच.

मग बाई बाजारात गेल्या. जयवंतीच्या आईला भेटल्या आणि बुधवार-शुक्रवारचा तेवढा तास पोरीला सोडा म्हणून गळ घातली. जयवंतीची आई कोयता पुसता पुसता म्हणाली, "बाय, पोर तुमच्याकडं आली, मी रतिबाला गेली, तर पाटीवर कोन बसंल? तुमी बसाल?"

बाई म्हणाल्या, "बसते."

हे मला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही माझ्याकडे काम होतं म्हणून. त्या पाटीवर बसणार म्हणजे त्या तासाला शाळेत मुलांकडे बघणार कोण? मी कुरकुरलो. गणिताच्या माणसाला लेझमीतलं काय कळतं, म्हणालो. "चारापर्यंत मोजता येतं ना? झालं तर," त्या म्हणाल्या.

तर अशी वरात. बुधवार-शुक्रवारी मी मैदानात उभा राहून एक-दोन-तीन-चार ओरडायचो. जयवंती वाचनालयात असायची. आणि चार बंगल्याच्या मासळीबाजारात, दोन कोळणींच्या मध्ये, लाकडी खोक्यावर, पदर खोचून आमच्या इतिहासाच्या बाई बसलेल्या असायच्या. उजव्या पायातली चप्पल काढून.

त्या दिवसांतल्या गोष्टी बाजारात बरेच दिवस सांगितल्या जायच्या. बाईंना मासळी उत्तम कळायची, पण ती विकायची म्हणजे काय ते मुळीच कळायचं नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, ताजी आहे का? तर त्या पापलेटाचे कल्ले उचलून स्वतः बघायच्या आणि म्हणायच्या, "सकाळची आहे. आज बोंबील न्या, ते बरे आहेत." बोंबील शेजारणीच्या पाटीवर असायचे. एका पालकाने त्यांना ओळखलं आणि तो बिचारा भाव न करता सांगितलेले पैसे देऊन निघाला, तर बाईंनी त्याला हाक मारून परत बोलावलं आणि त्याच्या मुलाच्या सहामाहीची चौकशी केली. जयवंतीची आई रतीब घालून आली, की कपाळावर हात मारायची. "बाय, तुमी गप बसा. नुसत्या बसा. तुमी बसल्या म्हनून गिराईक बगाया येतंय, त्याला मी इकीन."

एका शुक्रवारी पावसामुळे मैदान बंद होतं, म्हणून मी बाजारात गेलो. आधी वाचनालयात डोकावलो होतो. जयवंतीपुढे पुस्तकं होती, खळ होती, ब्रश वाळून कडक झाला होता. ती गाल टेबलावर टेकवून खिडकीबाहेर बघत होती. झोपली नव्हती. मी आल्या पावली मागे फिरलो. बाजारात जाऊन बाईंना सांगितलं, तुमची पोरगी काही पुस्तकं बांधत नाही, नुसती बसलीय.

"मग?" बाई म्हणाल्या. "तोच उपक्रम आहे तिचा. तुम्ही बोललात तर नाही ना तिच्याशी?"

पावसाने गिऱ्हाईक कमी होतं. मी बाजूच्या खोक्यावर बसलो. माश्या हाकता हाकता मी गंमत म्हणून विचारलं, "बाई, तुम्हाला कशाचा कंटाळा येतो?"

त्यांनी आधी एका बाईला ओल्या जवळ्याचा वाटा बांधून दिला, हात धुतला, पदराला पुसला.

"घरी जायचा," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सांगितलं. संप झाला तेव्हापासून नवरा खिडकीत बसून आहे. दारू नाही, शिवीगाळ नाही, काही नाही. नुसता बसून. त्या घरात शिरल्या की मान वर करतो, चहा घेतो, पुन्हा खिडकी. मूलबाळ नाही. "भांडला असता तर बरं होतं, सर. मला भांडता येतं. रोज दार उघडते तेव्हा वाटतं, आज काहीतरी बोलेल." समोर दोन कोळणी जागेच्या वीतभर सरकण्यावरून एकमेकींचा उद्धार करत होत्या. बाई त्यांच्याकडे बघून हसल्या. "इथे कान किटतात. बरं वाटतं."

मला त्या वेळी वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. त्या पोरीला तासभर माणसं नको होती आणि या बाईंना तासभर माणसं हवी होती. दोघींची सोय एका पाटीवर झाली होती. मी त्यानंतर लेझमीबद्दल तक्रार केली नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या मंडळातल्या कोणाच्या तरी घरचं माणूस बाजारात आलं आणि बाईंना बघून गेलं. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. त्यांच्या जागी मुलांना मी सांभाळत होतो, म्हणून मलाही.

"बाई, तुम्ही मासळीबाजारात बसता?"

"बसते."

"पालक बघतात."

"बघतात. काही जण घेतातही."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. मंडळाचं म्हणणं त्यांनी सांगितलं. शाळेची अब्रू, शिक्षकी पेशा, शिवाय उपक्रमांच्या प्रमुख उपक्रमाच्या तासाला शाळेबाहेर. मंडळ उपक्रमांचं काम त्यांच्याकडून काढून घेणार होतं, आणि बाजार बंद करा असंही सांगणार होतं. बाईंनी वाद घातला तर प्रकरण वाढेल, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. नोकरीत बाई सगळ्यांत जुन्या, आणि कोळीवाडा त्यांच्या बाजूने उभा राहिला असता.

बाईंनी उजवी चप्पल पायात सरकवली.

"काम काढून घ्या," त्या म्हणाल्या. "मी बाजारात बसणार नाही. कुठे तक्रार करणार नाही, कोणाला सांगणार नाही. पण सुट्टीनंतर वार बदला. सोमवार-गुरुवार करा."

"पण क्लब..."

"क्लबाला बुधवार-शुक्रवार द्या. त्यांना कुठे पाटीवर बसायचंय."

मुख्याध्यापकांनी चष्मा पुन्हा लावला. फारसा विचार न करता ते हो म्हणाले. त्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं.

बाहेर व्हरांड्यात मला राहवलं नाही. बाईंनी हे काम पंधरा-सोळा वर्षं केलं होतं. इतिहास त्या शिकवायच्या, पण जगायच्या जूनमधल्या त्या चित्रकलेच्या वर्गात, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, "बाई, तुम्ही फार स्वस्तात सोडलंत."

"संध्याकाळ झाली की माल द्यावाच लागतो, सर," त्या म्हणाल्या आणि छत्री घेऊन चालू लागल्या.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी साडेचारला कोळीवाड्यातली मुलं आली. नववीची, दहावीची, सगळी मिळून मैदानाची एक बाजू भरली. काही मुलं तर त्या वेळी शाळेत कधी थांबलीच नव्हती. पाणी कुठे प्यायचं तेही त्यांना विचारावं लागलं. मला आनंद झाला आणि बाईंना हे दाखवावं असं फार वाटलं. मी शिक्षकांच्या खोलीत गेलो, तर त्या निघून गेल्या होत्या.

उपक्रमांचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुढच्या जूनमध्ये मीही मुलांना समोर बसवून कंटाळा विचारून पाहिला. "कशाचाच नाही, सर," एकजात सगळ्यांनी आदबीने सांगितलं. बाईंना जे सांगितलं असतं ते गणिताच्या मास्तराला कोण सांगणार? मी हजेरीच्या क्रमाने वाटणी करून टाकली. जयवंतीला तेवढं वाचनालयात राहू दिलं. दहावी ती काठावर पास झाली आणि शेवटच्या दिवशी बाईंच्या पाया पडायला आली. बाईंनी तिला पाया पडू दिलं नाही. नुसतं जवळ घेतलं, बराच वेळ.

त्यानंतर बाई शाळा सुटली की सरळ घरी जायच्या. "माझ्यान होवचा नाय" म्हणणंही कमी झालं, आणि ते ऐकू येईनासं झालं तेव्हा आम्हाला त्याची किंमत कळली. दोनेक वर्षांनी, नोकरीत असतानाच, साध्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या.

मी डी. एन. नगरला त्यांच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा त्यांचे यजमान खिडकीत बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. मी निघायचं निमित्त शोधत होतो.

"बुधवार-शुक्रवार ती बाजारात बसायची," ते अचानक म्हणाले. "म्हायत आसा ना तुमका?"

मी हो म्हटलं.

"त्या दिवशी येऊन सगळा सांगायची. कोण इला, कोणी भाव केल्यान, कोण कोणाशी भांडला. हाताक वास असायचो माशांचो. मी काय बोलायचो नाय. पण वाट बघायचो. मगे एकदम बंद झाला. वार बदलले, आता कोळीवाड्यातली पोरा सोमवार-गुरवार येतली, इतक्याच सांगितल्यान. मी इचारूक नाय, ती सांगूक नाय."

मला त्यांना सगळं सांगावं असं वाटलं, आणि आता सांगून काय होणार असंही वाटलं.

"ती कोळीवाड्यातली पोरा," त्यांनी विचारलं. "येतत मा आता?"

"येतात."

"सोमवार-गुरवार?"

"हो. सगळी येतात."

"मगे बरा झाला," ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे वळले. तो बुधवार होता. साडेपाच वाजून गेले होते आणि ते बाजाराकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होते.